पंखा परत देऊन झाल्यावर

शेवटापासून सुरुवात करू. घाई करायचं काही कारण नाही.

लंडनमधलं एक श्रीमंत घर, सकाळची वेळ. दिवाणखान्यात दोन बायका आहेत. थोरलीने एक पंखा आणला आहे, घडीचा, मेजवान्यांना हातात मिरवतात तसला. तो तिचा नाही. काल रात्री ती तो चुकून घेऊन गेली असं चारचौघांत सांगितलं गेलं आहे, आणि आज ती तो परत करायला आली आहे. धाकटीला खरं काय ते माहीत आहे. पंखा तिनेच नेला होता, आणि जिथे एकटीने रात्री पाऊल टाकू नये अशा घरात तो राहून गेला होता. तिला माहीत नाही ती गोष्ट निराळीच आहे. समोर उभी असलेली बाई तिची आई आहे.

आई ते आज सांगणार नाही. नंतरही कधी नाही.

हे चित्र मनात धरून जरा वेळ बसा. काही सोडवायचं नाही, कोणाचा निवाडा करायचा नाही. दोघींच्या मधे तो पंखा आहे, एवढंच बघत राहा.

मूकपटाचं नाव ‘लेडी विंडरमियर्स फॅन’, साल १९२५. जर्मनीहून हॉलिवूडला आलेल्या अर्न्स्ट लुबिचने तो वॉर्नर ब्रदर्ससाठी केला. मूळ नाटक ऑस्कर वाइल्डचं, २० फेब्रुवारी १८९२ ला लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात पहिल्यांदा झालेलं. (लुबिच त्या दिवशी बर्लिनमध्ये पाळण्यात होता, त्याचा जन्म त्याच वर्षी २९ जानेवारीचा.) वाइल्डच्या नाटकात शब्दांची आतषबाजी असते. माणसं एकमेकांशी बोलता बोलता प्रेक्षकांच्या टाळ्या घेत असतात. लुबिचने ही सगळी दारू बाहेर ठेवली. मूकपटात मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवर वाइल्डची गाजलेली वाक्यं छापणं त्याने टाळलं. ज्याच्या वाक्यांवर लोक जीव टाकतात त्याचं नाटक घ्यायचं आणि वाक्यंच वगळायची, याला धाडस म्हणा की आगाऊपणा. मला त्यात शहाणपण दिसतं. ही गोष्ट उभी आहे ती कोणी काय बोललं नाही त्यावर.

आता गोष्ट थोडक्यात. मार्गारेट, म्हणजे लेडी विंडरमियर, लहानपणापासून समजते आहे की आपली आई वारली. तिच्या मनात आईची मूर्ती आहे, देव्हाऱ्यातल्यासारखी. खरी आई मात्र जिवंत आहे. वीसेक वर्षांपूर्वी ती नवरा आणि तान्ही मुलगी टाकून दुसऱ्या पुरुषाबरोबर निघून गेली होती. त्या पुरुषाने तिला पुढे सोडलं, आणि ‘चांगल्या घरांनी’ दारं लावून घेतली. आता ती मिसेस अर्लिन या नावाने लंडनला आली आहे. जावयाला गाठून तिने सांगितलं, मी कोण ते गुपित राहावं असं वाटत असेल तर पैसे मोजा. जावई मोजतो. बायकोच्या मनातली मूर्ती भंगू नये म्हणून तो चेक फाडत राहतो. हे चेक बायकोला कळतात, आणि तिचा समज व्हायचा तोच होतो. तिच्या वाढदिवसाच्या मेजवानीला ही बाई घरात येते. नवऱ्याने भेट दिलेला पंखा मार्गारेटच्या हातात असतो. त्या रात्री बागेत झुडपांआड तिला एका बाईचा हात आणि त्या हातावर झुकलेला कोणीतरी दिसतो. तो आपला नवराच, असं ती धरून चालते. तो असतो लॉर्ड ऑगस्टस, जो मिसेस अर्लिनवर लट्टू झालेला आहे. मार्गारेट चिठ्ठी लिहून ठेवते आणि लॉर्ड डार्लिंग्टनच्या घरी निघून जाते. हा डार्लिंग्टन कधीपासून तिच्या मागे असतोच. ती भूमिका रोनाल्ड कोलमनने केली आहे, आणि असा गोड माणूस दारात उभा असेल तर पाय घसरणं किती सोपं आहे हे त्याच्याकडे बघितलं की पटतं.

चिठ्ठी नवऱ्याच्या हाती पडण्याआधी आईच्या हाती पडते.

इथे पहिल्यांदा थांबा.

ही बाई कोणाचा संसार सावरायला आलेली नव्हती, हे विसरू नका. ती आली होती पैसे काढायला, आणि जमलं तर त्या घरांमध्ये पुन्हा पाय रोवायला, एखादा बरा नवरा गाठून. घोड्यांच्या शर्यतीचा एक प्रसंग चित्रपटात फार गाजलेला आहे. मैदानावर घोडे धावताहेत आणि प्रेक्षागारातल्या दुर्बिणी वळलेल्या आहेत एका बाईकडे. पुरुष बघतात, बायका बघतात. दोन-तीन म्हाताऱ्या तिच्या डोक्यात पांढरा केस सापडतो का ते न्याहाळतात. तिला हे सगळं कळतंय आणि ती ते पेलतेही आहे. नजरा झेलणं हा जणू तिचा धंदाच आहे. म्हणजे भोळीभाबडी माऊली मनात आणू नका. ते चित्र मनात आलं तर पुढचं सगळं फुकट जाईल.

आता तिच्या हातातली ती चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा. वीस वर्षांपूर्वी तिने स्वतः अशीच एक चिठ्ठी मागे ठेवली होती. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो, पण इथे पुढचीला लागलेली ठेच मागचीला ठाऊकच नाही. ती आईला देवघरात बसवून बसली आहे. देवाला ठेच लागते हे तिला कोण सांगणार? तेव्हा जिला ठेच लागली तिलाच आता धावत मागे यावं लागतं आहे, आणि ठेच कुठे लागली तेही सांगता येत नाही.

स्वतःला विचारा, पण उत्तराची घाई करू नका: त्या क्षणी तिच्यात काय हललं? ममता म्हणाल तर ती वीस वर्षं कुठे होती? अपराधाची टोचणी म्हणाल, तर आठवडाभरापूर्वीच ती या मुलीच्या नवऱ्याकडून पैसे घेत होती. मला वाटतं तिला त्या क्षणी पुढचा रस्ता दिसला, आणि तो रस्ता त्या शहरात तिच्याइतका दुसऱ्या कोणाला पाठ नव्हता. पहिल्या महिन्यात प्रियकर कसा वागतो, कोणती ओळखीची बाई आधी तोंड फिरवते, परक्या गावच्या हॉटेलात आडनाव विचारतात तेव्हा काय सांगायचं. मुलीवर प्रेम आहे की नाही हे तिला स्वतःलाही ठाऊक नसेल. रस्ता मात्र ठाऊक होता. ती डार्लिंग्टनच्या घरी जाते.

दुसरी जागा त्या घरातली. इथे जास्त वेळ घ्या.

आई मुलीला परत जायला विनवते. मुलगी ऐकत नाही. नवऱ्याच्या त्या बाईनेच यावं आणि आपल्याला संसाराचे धडे द्यावेत, हे कोण ऐकेल? शेवटी ती वळते, आणि नेमके तेव्हाच पुरुष येतात: डार्लिंग्टन, लॉर्ड ऑगस्टस, आणखी काही मित्र, आणि त्यांच्यात विंडरमियर स्वतः. दोघी आत दडतात. बाहेर सिगार, पेयं, हास्यविनोद. मग कोणाला तरी पंखा दिसतो. एका सड्या पुरुषाच्या घरी बाईचा पंखा, म्हणजे मित्रांना चेष्टेला विषय. विंडरमियरही हसत हसत बघायला जातो, आणि त्याला तो ओळखू येतो.

खोलीतली हवा कशी बदलते ते अनुभवा. एका माणसाचं हसू तोंडातल्या तोंडात मरतं. त्याला घराची झडती घ्यायची आहे. डार्लिंग्टन अडवू बघतो. एका दाराच्या मागे त्याची बायको उभी आहे, श्वास रोखून.

आणि दार उघडून मिसेस अर्लिन पुढे येते.

सगळ्या नजरा तिच्यावर. शर्यतीच्या मैदानावर होत्या तशाच, त्याच वर्गातल्या लोकांच्या. तिथे त्या नजरा तिला काहीतरी मिळवून देतील अशी आशा होती. इथे मिळवलेलं सगळं एका पावलात जाणार, हे तिला दार उघडण्यापूर्वीच माहीत होतं. ती सांगते, तुमच्या बायकोचा पंखा चुकून माझ्याकडे आला. विंडरमियरच्या चेहऱ्यावर सुटका दिसते आणि त्या सुटकेबरोबरच घृणाही. ऑगस्टस, जो तिच्याशी लग्न करणार होता, तिच्याकडे पाठ फिरवतो. मिसेस अर्लिन झालेल्या आयरीन रिचचा चेहरा या वेळी नीट बघण्यासारखा आहे. हुंदका नाही, छातीवर हात नाही. मूकपटातला अभिनय म्हणजे डोळे गरगर फिरवणं, असा ज्यांचा समज आहे त्यांना हा एक प्रसंग दाखवावा.

आणि याच वेळी तिच्या पाठीमागून मुलगी कोणाला न दिसता सटकते. एकाच क्षणात दोन दारं आहेत. एका दारातून आई उजेडात येते, दुसऱ्यातून मुलगी अंधारात बाहेर पडते. पहिल्या दाराकडे खोलीतले सगळे बघताहेत. तुम्ही दुसऱ्याकडे बघा. ती मुलगी घरी पोचेल, अंथरुणावर पडेल, सकाळी उठून चहा घेईल. तिचं आयुष्य बाहेरून अगदी जसंच्या तसं राहील. मोडलेलं सांधताना सांध्याची खूण दिसू नये, एवढ्यासाठी बाकीचा सगळा तमाशा त्या पहिल्या दारात चालू आहे.

मग ती सकाळ, जिथून आपण सुरुवात केली.

कोणाला काय माहीत आहे ते आता सावकाश मांडून बघा. नवऱ्याला माहीत आहे की ही बाई बायकोची आई आहे, आणि तो ते बायकोपासून लपवतो. बायकोला माहीत आहे की काल रात्री त्या घरात मी होते, आणि ती ते नवऱ्यापासून लपवते. दोघांची दोन गुपितं, एकमेकांकडे पाठ करून उभी. दोन्ही जिच्यापाशी आहेत ती बाई पंखा ठेवून जायला निघाली आहे.

मुलगी प्रामाणिक आहे. तिला नवऱ्याला सगळं सांगून टाकायचं आहे, मन मोकळं करायचं आहे. आई तिला थांबवते. सांगू नकोस. माझे उपकार वाटत असतील तर गप्प राहून फेड.

आजच्या समुपदेशकाला हे मुळीच पटणार नाही. नवराबायकोत लपवाछपवी नको, बोला, मोकळं व्हा, असं तो म्हणेल, आणि बऱ्याच संसारांच्या बाबतीत त्याचं बरोबरही असेल. माझं मतही या ठिकाणी अर्धंच आईच्या बाजूने आहे. पण आईकडे एक माहिती आहे जी समुपदेशकाकडे नाही. हा नवरा कसा आहे हे तिने काल रात्री डोळ्यांनी पाहिलं आहे. पंखा ओळखल्यावर त्याचा चेहरा कसा झाला होता, आणि ‘दोषी’ बाई दुसरीच निघाल्यावर तो चेहरा किती पटकन सैल पडला. तो माणूस वाईट नाही. बायकोच्या मनातली आई शाबूत राहावी म्हणून त्याने पैसे मोजले. पण ज्या नियमाने वीस वर्षांपूर्वी मिसेस अर्लिनला बाहेर काढलं, तोच नियम त्याच्याही हाडीमाशी खिळलेला आहे. मुलगी तिथे किती वेळ होती, काय घडलं, काय घडलं नाही, हे त्या नियमाला विचारायचंच नसतं. तिथे गेली होती की नाही, एवढंच विचारायचं असतं. तो नियम बदलणं मिसेस अर्लिनच्या हातात नाही. त्याच्यापुढे स्वतः उभं राहणं एवढंच तिच्या हातात होतं, आणि आता ‘सांगू नकोस’ म्हणणं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला मूठ उघडी पडल्यामुळे कळलं होतं.

तुम्हाला हे पटतं का? पटत नसेल तर तसंच राहू द्या. विंडरमियरच्या जागी जाऊन बघा. त्याला सत्य कळलं असतं तर त्याने काय केलं असतं? त्याने बायकोला जवळ घेतलं असतं असं मनापासून म्हणता येतं का? मी हा प्रश्न मनात धरून पुष्कळदा बसते, आणि दर वेळी उत्तर बदलतं.

नाटकात या सकाळचा एक तपशील आहे तो इथे मनात आणण्यासारखा आहे. त्याच घरात आईचं एक लहानसं चित्र आहे, तिच्या कोवळ्या वयातलं, आणि मुलगी रोज रात्री प्रार्थनेआधी त्या चित्राचं चुंबन घेते. म्हणजे आई स्वतःच्या मूर्तीच्या घरात उभी आहे. मूर्ती पूजेत, ती दारात. हे तिला जावई सांगतो, आणि सांगताना त्याला तिला लाजवायचं असतं. नाटकातली मिसेस अर्लिन जाताना मुलीकडे तिचा फोटो मागते, तान्ह्या बाळासकट काढलेला, आणि तो पंखाही मागून घेते. पंख्यावर ‘मार्गारेट’ असं नाव कोरलेलं आहे आणि तिचं स्वतःचं नावही तेच. मुलीला वाटतं, काय योगायोग! वाइल्डला वाक्यांचा सोस होता हे खरं, पण हा ‘योगायोग’ त्याने वाक्यांच्या गर्दीत हळूच सरकवून ठेवला आहे.

वाइल्डच्या मनात तर प्रेक्षकांनाही शेवटापर्यंत अंधारात ठेवायचं होतं. ही बाई आई आहे हे शेवटच्या अंकात उघड व्हावं, अशी त्याची मूळ योजना होती. नाटक बसवणारा जॉर्ज अलेक्झांडर, ज्याने लॉर्ड विंडरमियरची भूमिकाही केली, त्याला ते मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, प्रेक्षकांना आधी कळू द्या. वाइल्ड अडून बसला, आणि पहिले प्रयोग झाल्यावर त्याने ऐकलं. लुबिच त्याच्याही पुढे गेला. त्याच्या चित्रपटात आपल्याला जवळपास सुरुवातीलाच कळतं. अर्लिनबाईंच्या घरी जावई जातो, ती कागद पुढे करते, आणि संपलं.

हा बदल किती मोठा आहे ते बघा. गुपित शेवटी फुटलं असतं तर आपण चकित झालो असतो आणि घरी गेलो असतो. सुरुवातीलाच सांगितल्यामुळे ते दीड तास आपल्याला वागवावं लागतं. पडद्यावर कोणालाच सगळं माहीत नाही, फक्त मिसेस अर्लिनला आणि तुम्हाला. मुलगी तिला अपमानाने बघते तेव्हा तुम्हाला ओरडावंसं वाटतं: अगं, ती तुझी आई आहे! तुमचाही आवाज तिथे पोचत नाही. मूकपटात पडद्यावरची माणसं मुकी असतात. या मूकपटात समोर बसलेला माणूसही मुका होतो.

आता चित्रपट बाजूला ठेवा आणि स्वतःच्या घराकडे या. फार खोल जायला नको, उंबऱ्यापर्यंत चालेल.

तुमच्या नात्यात कोणाचा तरी संसार एकदा मोडायला आला होता. बहुतेक घरांत आलेला असतो. दोन भांडी एकत्र आली की वाजतात वगैरे म्हणून आपण ते हसण्यावारी नेतो, पण काही वेळा भांडी वाजण्यापलीकडे गेलेलं असतं. कोणीतरी माहेरी येऊन राहिली होती. ‘तब्येतीमुळे आली आहे’ असं शेजारी सांगितलं होतं. आणि मग एके दिवशी ती परत गेली. मधे कोण पडलं होतं? मामा गेले होते म्हणतात, किंवा आत्या बोलली होती. काय बोलली ते कोणी सांगत नाही. तुम्ही तेव्हा लहान होतात, पलीकडच्या खोलीत तुम्हाला पत्ते खेळायला बसवलं होतं.

त्या आत्याचा चेहरा आठवा. त्या दिवशी ती बोलून परत आली तेव्हा तिने पायावर पाणी घेतलं असेल, चहा मागितला असेल. तिने काय कबूल केलं, कोणाचं बोलणं खाल्लं, कोणाच्या चुकीचं खापर स्वतःवर घेतलं, हे तुम्हाला माहीत नाही. पुढे कधी हीच आत्या ‘फार आगाऊ आहे, सगळ्यात नाक खुपसते’ असं घरात म्हटलेलं तुम्ही ऐकलं असेल, कदाचित जिचा संसार तिने सावरला तिच्याच तोंडून. ती काही बोलली नाही. सगळं पोटात घातलं. तिला आत्ता फोन करून विचारू नका, या वेळेपुरतं तिला असू द्या.

कधी कधी अशी मध्यस्थी चुकीचीही असते, हे म्हटल्याशिवाय पुढे जाणं खोटं होईल. परत पाठवायला नको होती अशा कितीतरी मुली ‘समजूत घालून’ परत पाठवल्या गेल्या. लुबिचचा नवरा मारकुटा नाही, व्यसनी नाही. त्याचा दोष एवढाच की त्याने बायकोला खरं सांगितलं नाही. तो मारकुटा किंवा व्यसनी असता तर मिसेस अर्लिनने काय केलं असतं? ती मुलीला डार्लिंग्टनच्या घरून परत आणताना सांगते की नवऱ्याने तुला फसवलेलं नाही. ते खरं आहे, आणि ते खरं आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. सगळ्या मध्यस्थांना हे असं ठाऊक नसतं.

आता शेवटचा भाग. तो घराच्या आत नाही.

मिसेस अर्लिन पंखा देऊन, निरोप घेऊन बाहेर पडते. दिवाणखान्याचं दार मिटलं की गोष्ट संपायला हरकत नव्हती. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने तिथेच संपवली असती: आत सुखी जोडपं, बाहेर पाठमोरी त्यागमूर्ती, प्रेक्षकांचे रुमाल ओले. आपल्याकडे तर अशा बाईला शेवटी क्षयरोगच झाला असता. लुबिच तिच्यामागून रस्त्यावर येतो.

रस्त्यावर लॉर्ड ऑगस्टसची गाठ पडते. काल रात्री पाठ फिरवलेला तोच. जाडगेला, सभ्य, थोडा मंद गृहस्थ. (एडवर्ड मार्टिंडेलने तो असा केला आहे की राग येतच नाही.) तो ताठ आहे. त्याच्याकडे सगळे हक्काचे पत्ते आहेत: ती दुसऱ्या पुरुषाच्या घरात रात्री सापडली, त्याच्या मित्रांदेखत. जाब विचारायचा हक्क त्याचा.

तो काही बोलण्याआधी ती बोलते. तुमचं कालचं वागणं मला मुळीच आवडलं नाही, म्हणून मी ठरवलं आहे, तुमच्याशी लग्न करायचं नाही.

आणि ती गाडीत जाऊन बसते.

या जागी हसू येतं. ते दाबू नका, मनन म्हणजे गंभीर तोंड करून बसणं असं कोणी सांगितलंय? ऑगस्टस तसाच उभा राहतो. काल काय झालं ते तो मनात उलटसुलट करून बघतो. आपण रागावलो होतो ना? रागवायचा हक्क आपलाच होता ना? मग ही का रागावली? आणि हिशेब जुळायच्या आत तो तिच्यामागे गाडीत चढलेला असतो.

इथे जरा रेंगाळा, कारण मला वाटतं लुबिच वाइल्डपेक्षा इथे सरस आहे. वाइल्डच्या नाटकात मिसेस अर्लिन ऑगस्टसला एक खुलासा देते, रंगमंचाच्या बाहेर. तो बापडा आत येऊन सांगतो की तिने सगळं समजावून सांगितलं, आणि ते ऐकताना खरं माहीत असलेल्या माणसांचा जीव वर-खाली होतो. हुशारीचा शेवट आहे. लुबिचची मिसेस अर्लिन खुलासाच करत नाही. खोटं सांगत नाही, खरंही सांगत नाही. ज्याच्यासमोर तिला आरोपी म्हणून उभं राहायचं होतं त्यालाच ती आरोपी करते. काल रात्री त्या खोलीत पुरुषांच्या नजरांपुढे ती मान खाली न घालता उभी राहिली होती, पण स्वतःच्या बचावाबद्दल गप्प होती. गप्प राहणं भाग होतं, कारण मागच्या दारातून मुलगी निसटायची होती. आता मुलगी घरी सुखरूप आहे. आता गप्प राहायची गरज नाही, आणि ही बाई एक दिवससुद्धा जास्त गप्प राहत नाही.

मुलीसाठी तिने जे केलं त्याचं मोल तिने मुलीकडे मागितलं नाही. बदल्यात ‘आई’ हाक मागितली नाही, फेड म्हणून फक्त गप्प राहायला सांगितलं. पण म्हणून स्वतःचं आयुष्य तिने तिथे ठेवून दिलं नाही. संसार सावरणाऱ्यांकडून आपण नेहमी हीच अपेक्षा करतो: त्यांनी केलं तेवढं करावं आणि मग आपल्या कोपऱ्यात मावळावं. आत्याने पुढे परत कधी नवी साडी नेसू नये, चेष्टा करू नये, आपल्या पेन्शनीसाठी कचेरीत भांडू नये. लुबिचला असली आत्या नको आहे. त्याच्या बाईला नवरा हवा आहे, पैसा हवा आहे, लंडनमधल्या लोकांनी वाकून नमस्कार करावेत असं वाटतं. मुलीपायी हे सगळं बुडालं होतं. ती रस्त्यावर येते आणि त्यातलं जमेल तेवढं एका वाक्यात परत मिळवते.

हा चित्रपट आजही बघायला मिळतो. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत तो घेतला गेला, आणि १ जानेवारी २०२१ पासून तिथे तो कोणाच्या मालकीचा राहिलेला नाही. बघाल तेव्हा पहिला तासभर गोष्टीच्या मागे धावू नका. शर्यतीचं मैदान, ते पांढरे केस शोधणारे डोळे, एवढं लक्षात ठेवा. रात्रीच्या खोलीत मागच्या दाराकडे बघा. आणि शेवटी विंडरमियरांच्या घरात थांबू नका, तिथे आता सगळं ठीक आहे. गाडीकडे या. ऑगस्टस आत जाऊन बसला आहे. जाब विचारायची पाळी त्याची होती, ती हातची गेली. आता माफी मागायची पाळी आली आहे, आणि कशाबद्दल मागायची हे त्याला अजून समजलेलं नाही.